तालुका चोपडा, भाव मात्र रावेरचा: कोटलिन कोरूटिनमध्ये निवड, मागणी आणि स्टेट

फैजपूरच्या एका डेव्हलपरचा प्रश्न आहे. केळीचे रोजचे भाव दाखवणारं अँड्रॉइड ॲप त्यांनी केलंय. वर तालुक्यांच्या चिप, म्हणजे दाबून निवडायची छोटी बटणं, आहेत: रावेर, यावल, चोपडा, शहादा. खाली नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (खोडव्याची, पिलांवरची) असे दोन प्रकार. आधी प्रत्येक चिपच्या क्लिकवर व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती सांभाळणारा क्लास) लाँच करून, म्हणजे नवं कोरूटिन (मध्ये थांबू शकणारं पार्श्वभूमीतलं काम) सुरू करून, भाव मागवायचे, पण चिपा भराभर बदलल्या की कधीकधी भलत्याच तालुक्याचा भाव दिसायचा. मग त्यांनी सगळं फ्लोवर, म्हणजे एकामागून एक व्हॅल्यू देत राहणाऱ्या प्रवाहावर, आणलं. आता एकदा नेटवर्क गेलं की रिफ्रेश कितीही वेळा दाबा, काही होत नाही, आणि फोन आडवा केला की भाव पुन्हा मागवला जातो. त्यांचं विचारणं असं, की डिबाउन्स (क्लिक थांबेपर्यंत थोडी वाट पाहणं) लावू, म्युटेक्स (एका वेळी एकच काम चालू देणारं कुलूप) लावू, की परत लाँचवर जाऊ?

यातलं काहीही करण्याआधी पहिली तक्रार नीट पाहू, कारण बाकीच्या दोन्ही ती सोडवायला फ्लोवर गेल्यावर आल्या. समजा शून्याव्या क्षणाला रावेर दाबलं. नेटवर्क मंद, उत्तराला २४०० मिलिसेकंद लागणार. ९०० व्या मिलिसेकंदाला चोपडा दाबलं आणि त्याचं उत्तर ६०० मध्ये, म्हणजे १५०० ला आलं. स्क्रीनवर चोपडा आणि चोपड्याचा भाव, सगळं बरोबर. पण रावेरचं कोरूटिन अजून जिवंत आहे. ते २४०० ला उठतं आणि त्याच स्टेटमध्ये (स्क्रीन जिथून वाचते त्या जागी) रावेरचा आकडा लिहून मोकळं होतं. वर चिप चोपड्याची, खाली भाव रावेरचा. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही. शेतकरी हा आकडा पाहून माल कधी कापायचा ते ठरवतो, आणि घड एकदा उतरवला की तो परत झाडाला लागत नाही. म्हणून ही चूक मी किरकोळ धरत नाही.

म्युटेक्सने हे सुटत नाही. तो दोन कामं एकामागून एक करायला लावतो. मग चोपड्याला रावेर संपेपर्यंत ताटकळावं लागेल, म्हणजे भाव बरोबर येईल पण उशिरा. डिबाउन्सनेही सुटत नाही. ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स लावला तरी वरच्या उदाहरणात दोन क्लिकमध्ये ९०० चं अंतर आहे, दोन्ही मागण्या जातीलच. डिबाउन्सची जागा शोधपेटीत आहे, जिथे माणूस अक्षरामागून अक्षर टाइप करतो. चिपवर तो लावला तर प्रत्येक निवड उगाच तेवढी उशिरा लागते, एवढंच.

खरी अडचण अशी आहे की निवड एका जागी आहे, मागणी दुसऱ्या जागी सुटते आणि उत्तर तिसऱ्या जागी लिहिलं जातं. या तिघांना जोडणारं काही नाही. म्हणून माझी पद्धत अशी: स्क्रीनला काय हवंय ते एका स्टेटमध्ये ठेवायचं आणि भाव त्या स्टेटमधून निघू द्यायचा. क्लिकने फक्त ते स्टेट बदलायचं. भाव मागवणं हे क्लिकचं काम ठेवायचं नाही.

प्रत्यक्षात असं करा. ‘मागणी’ नावाचा एक डेटा क्लास घ्या. त्यात तीन गोष्टी: तालुका, प्रकार आणि फेरी. फेरी म्हणजे साधा पूर्णांक, सुरुवातीला शून्य. या क्लासचा एकच म्युटेबलस्टेटफ्लो, म्हणजे सध्याची व्हॅल्यू धरून ठेवणारा आणि बदलता येणारा फ्लो, ठेवा. चिप दाबली की अपडेट फंक्शनमधून कॉपी करून तालुका बदला. रिफ्रेश दाबलं की फेरी एकने वाढवा. बस.

फेरीचा आकडा कशासाठी, असं वाटेल. स्टेटफ्लो नवी किंमत (म्हणजे व्हॅल्यू, केळीचा भाव नव्हे) जुन्या किमतीशी इक्वल्सने ताडतो आणि दोन्ही सारख्या असतील तर कोणालाच कळवत नाही. रावेरवर असताना पुन्हा रावेर दाबलं तर मागणी तीच, त्यामुळे फुकटचा कॉल जात नाही, हे चांगलं. पण रिफ्रेशला मात्र तोच तालुका असूनही पुन्हा मागवायचं असतं. रिफ्रेशसाठी युनिटचा (ज्याची एकच व्हॅल्यू असते असा प्रकार) स्टेटफ्लो ठेवणारे इथेच अडकतात. युनिट आणि युनिट कायम सारखेच, त्यामुळे बटण पहिल्यापासूनच मुकं. शेअर्डफ्लो (ऐकणाऱ्या सगळ्यांना सूचना देणारा फ्लो) ठेवला आणि तेव्हा ऐकणारं कोणी नसेल, तर रीप्ले (नंतर जोडलेल्यांना द्यायच्या जुन्या सूचनांची संख्या) शून्य असताना ती सूचना हरवते. वाढता आकडा या दोन्ही अडचणींतून सुटतो.

तालुका आणि प्रकार यांचे दोन वेगळे स्टेटफ्लो करून कंबाइनने जोडणंही चालतं, अनेक जण करतात. पण दोन्ही एकदम बदलायची वेळ आली, उदाहरणार्थ ‘मूळ निवड’ बटण, तर मध्ये एका क्षणासाठी नवा तालुका आणि जुना प्रकार अशी जोडी बाहेर पडू शकते आणि तिच्यासाठी एक वाया कॉल जातो. एकत्र बदलणाऱ्या गोष्टी एकाच क्लासमध्ये ठेवल्या की हा प्रश्न उरतच नाही.

आता या मागणीवर फ्लॅटमॅपलेटेस्ट लावा. नवी मागणी आली की ते आधीचा आतला फ्लो रद्द करतं आणि नव्या मागणीसाठी नवा सुरू करतं. रावेरचं काम ९०० व्या मिलिसेकंदालाच संपलं, २४०० ला उठायला कोणी शिल्लकच नाही. रेट्रोफिट या नेटवर्क लायब्ररीचं सस्पेंड फंक्शन (कोरूटिनमध्ये थांबू शकणारं) वापरत असाल तर कोरूटिन रद्द होताच खालचा नेटवर्क कॉलही रद्द होतो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसला की ‘लेटेस्ट लावूनही अडकतं’ अशी तक्रार येते. फ्लॅटमॅपलेटेस्ट आधीच्या कामाला रद्द हो म्हणतं आणि ते खरोखर थांबेपर्यंत वाट पाहतं, त्यानंतरच नवं सुरू करतं. कोरूटिनचं रद्द होणं सहकाराने चालतं, म्हणजे आतल्या कोडने स्वतः दखल घेऊन थांबायचं असतं. आत जुनी ब्लॉकिंग लायब्ररी असेल, साधं सॉकेट वाचन किंवा मोठी फाइल पार्स करणारं लूप असेल, तर ते विथकॉन्टेक्स्टने आयओ डिस्पॅचरवर टाकलं म्हणून थांबत नाही. थ्रेड तेवढा बदलतो. ते पूर्ण होईपर्यंत चोपडा रांगेत. लूप असेल तर आत ठरावीक अंतराने एन्शुअरॲक्टिव्ह (रद्द झालं असेल तर तिथेच थांबवतं) बोलवा. ब्लॉकिंग कॉल असेल तर रनइंटरप्टिबल (रद्द होताच थ्रेडला इंटरप्ट करतं) वापरून पाहा, पण तो कॉल थ्रेडच्या इंटरप्टला दाद देणारा हवा. नाहीतर लायब्ररी बदलणंच शहाणपणाचं.

दुसरी तक्रार, मुकं रिफ्रेश. तुमच्या साखळीत कॅच बहुधा अगदी शेवटी, फ्लॅटमॅपलेटेस्टच्या खाली असणार. कॅचचा नियम असा की वरून चूक आली की ती पकडतो, हवं तर एखादी किंमत पुढे सोडतो, पण वरचा फ्लो तिथे संपलेला असतो. म्हणजे पहिल्याच नेटवर्क चुकीला मागणी ऐकणारी सगळी साखळीच संपली. फेरी वाढतेय, पण तिच्याकडे कोणाचे कान नाहीत. कॅच आत न्या, फ्लॅटमॅपलेटेस्टच्या कंसात, एका मागणीच्या फ्लोवर. मग चूक झाली तर तेवढी एक मागणी अपयशी ठरते आणि बाहेरची साखळी पुढच्या फेरीसाठी जागी राहते.

आतल्या फ्लोचा क्रमही महत्त्वाचा आहे. सगळ्यात वर भाव आणून एमिट करणारा फ्लो. त्याखाली चूक झाल्यास पुन्हा प्रयत्न करणारा रिट्रायव्हेन. त्याखाली ‘चालू आहे’ अशी स्थिती सोडणारा ऑनस्टार्ट. शेवटी कॅच. ऑनस्टार्ट जर रिट्रायव्हेनच्या वर ठेवलात तर प्रत्येक पुनर्प्रयत्नाला तो पुन्हा चालेल आणि स्क्रीन लुकलुकेल. रिट्रायव्हेनमध्ये चूक आयओएक्सेप्शन (नेटवर्कसारखी अडचण) असेल तरच पुन्हा प्रयत्न करा, प्रयत्नाचा आकडा शून्यापासून मोजला जातो हे लक्षात घेऊन १, २ आणि ४ सेकंद थांबा आणि तिसऱ्यानंतर सोडून द्या. सर्व्हरने ४०१ (ओळख पटली नाही) किंवा ४०४ (सापडलं नाही) दिलं असेल तर पुन्हा विचारून उत्तर बदलणार नाही, तिथे सरळ कॅचकडे जाऊ द्या.

किती वेळा प्रयत्न करायचा हे मात्र तुमचं ॲप कुठे वापरलं जातं यावर आहे. जळगाव, भुसावळमध्ये चार सेकंदांनी नेटवर्क परत येतंही. सातपुड्याच्या पायथ्याला, पालकडे किंवा धडगावच्या वाटेवर, तास-दोन तास सिग्नलच नसतो आणि तिथे कितीही पुनर्प्रयत्न केले तरी फक्त बॅटरी जाते. अशा वापरासाठी शेवटचा माहीत असलेला भाव आणि त्याची वेळ दाखवणं हेच उपयोगाचं. त्यासाठी रूम, म्हणजे फोनवरचा डेटाबेस, मध्ये घ्या. स्क्रीन फक्त डेटाबेसमधून वाचेल आणि नेटवर्क फक्त डेटाबेसमध्ये लिहील.

रूमसह आतला फ्लो थोडा बदलतो. एका बाजूला त्या तालुक्याच्या आणि प्रकाराच्या ओळी देणारा रूमचा फ्लो. दुसऱ्या बाजूला ताजेपणाचा छोटा फ्लो: आधी ‘चालू’, मग सर्व्हरवरून आणून डेटाबेसमध्ये लिहिणं, मग ‘झालं’, रिट्रायव्हेन आणि कॅच याच छोट्या फ्लोवर, कॅचमधून ‘जमलं नाही’. दोन्ही कंबाइनने जोडा. छोटा फ्लो संपला तरी कंबाइन त्याची शेवटची किंमत धरून ठेवतो आणि रूमचा फ्लो चालूच राहतो. नेटवर्क नसताना माणसाला कालचा भाव, त्याखाली ‘काल सायंकाळी ६ चा’ आणि बाजूला ‘नवा भाव मिळाला नाही’ असं तिन्ही दिसतं. तालुका बदलल्यावर आधीच्या तालुक्याचा आकडा रेंगाळायचा प्रश्नही मिटतो, कारण वाचनच नव्या तालुक्याचं होतं. रूम बदल टेबलपातळीवर ओळखतो. यावलची ओळ बदलली तरी चोपड्याची क्वेरी पुन्हा चालते आणि तेच उत्तर पुन्हा येतं. म्हणून रूमच्या फ्लोला लागोपाठ आलेलं तेच उत्तर गाळणारा डिस्टिंक्टअनटिलचेंज्ड लावा. स्टेटफ्लोवर तो लावणं निरर्थक आहे, तिथे ते आधीपासूनच आहे.

तिसरी तक्रार, फोन आडवा केल्यावरची नवी मागणी, ही स्टेटइनची (फ्लोचा स्टेटफ्लो करणारं फंक्शन). तुम्ही त्यात व्हाइलसबस्क्राइब्ड (कोणी ऐकत असेतोवरच चालू) कंसात काही न देता वापरलंय असं दिसतंय. तेव्हा थांबण्याची मुदत शून्य धरली जाते. फोन आडवा होताना जुनी स्क्रीन ऐकणं सोडते, वरची साखळी त्याच क्षणी बंद पडते, आणि नवी स्क्रीन जोडली की सगळं पहिल्यापासून. कंसात ५००० मिलिसेकंद द्या. पाच सेकंदांत फोन आडवा होऊन नवी स्क्रीन आरामात जोडली जाते, साखळीला कळतही नाही. ॲप मागे टाकून माणूस दुसरीकडे गेला तर मात्र पाच सेकंदांनी काम थांबतं, आणि तेच हवंय. ईगरली (लगेच सुरू) किंवा लेझिली (पहिला ऐकणारा आल्यावर सुरू) दिलंत तर फिरवण्याचा त्रास जाईल, पण मागे गेलेलं ॲपही व्ह्यूमॉडेल असेतोवर वरचं सगळं चालू ठेवेल.

५००० देऊनही एक गोष्ट समजून असा. माणूस दहा मिनिटांनी परत आला की साखळी पुन्हा सुरू होते आणि मागणी पुन्हा जाते. जुना भाव स्टेटमध्ये असतोच, पण तुमच्या ऑनस्टार्टने कोरं ‘चालू आहे’ पाठवलं तर तो पुसला जाईल. भावाच्या ॲपला परतल्यावर ताजी मागणी जाणं योग्यच आहे. नको असेल तर डेटाबेसमधल्या वेळेवरून ठरवा: १५ मिनिटांच्या आतला भाव असेल तर सर्व्हरला विचारू नका, फेरी वाढली असेल तरच विचारा. ही १५ मिनिटं भाव दिवसातून किती वेळा बदलतो त्यानुसार कमी-जास्त करा.

ऐकणाऱ्या बाजूला कंपोज (अँड्रॉइड स्क्रीन बनवायची नवी पद्धत) असेल तर कलेक्टॲजस्टेटविथलाइफसायकल, जुने व्ह्यू असतील तर रिपीटऑनलाइफसायकल, स्टार्टेड अवस्थेसह. साधं लाँच करून कलेक्ट केलंत तर स्क्रीन मागे गेल्यावरही ऐकणं चालूच राहतं आणि वरच्या ५००० ला काही अर्थ उरत नाही.

तुमच्या जुन्या कोडमधली आणखी एक गोष्ट, कारण ती फ्लोमध्येही शिरते. रनकॅचिंग किंवा सगळी एक्सेप्शन पकडणारा कॅच ब्लॉक हा कॅन्सलेशनएक्सेप्शनही, म्हणजे कोरूटिन रद्द झाल्याची सूचनाही, गिळतो. रद्द झालेलं रावेरचं कोरूटिन मग ‘अपयश’ शाखेत शिरतं आणि स्टेटमध्ये चूक लिहून ठेवतं. चिपा बदलताना क्षणभर लाल संदेश चमकतो तो बहुतेक यामुळेच. कॅन्सलेशनएक्सेप्शन आधी वेगळं पकडून पुन्हा फेका. पण विथटाइमआउट (वेळमर्यादा लावणारं फंक्शन) असेल तर सांभाळा. त्याचं टाइमआउट एक्सेप्शन कॅन्सलेशनएक्सेप्शनच्याच कुळातलं आहे. तेही तुम्ही पुढे फेकलंत तर कोरूटिन गुपचूप संपतं, चूक दिसत नाही आणि लोडिंगचा गोल फिरत राहतो. म्हणून वेळमर्यादेसाठी मी विथटाइमआउटऑरनल वापरतो. नल आलं की मुदत संपली, त्याची चूक आपणच बनवायची.

स्टेट बदलताना दोन सवयी लावा. व्हॅल्यू वाचायची, कॉपी करायची आणि परत व्हॅल्यूत घालायची असं सुटं करू नका. दोन थ्रेडवरून एकदम झालं तर एकाचा बदल पुसला जातो. अपडेट वापरा. त्याच्या लॅम्ब्डामध्ये फक्त कॉपी असावी, कारण झटापट झाली तर तो लॅम्ब्डा पुन्हा चालतो. आत लॉग किंवा कॉल टाकला तर तोही दोनदा होईल. दुसरी सवय, स्टेटमध्ये बदलती यादी ठेवू नका. म्युटेबल यादीत ॲड करून तीच यादी परत दिली तर जुनं आणि नवं एकच असतं, स्टेटफ्लो गप्प राहतो आणि स्क्रीनवर काही उमटत नाही.

हे सगळं वाचण्याच्या कामाला लागू आहे. तुमच्या ॲपमध्ये कापणीची नोंद पाठवायचंही बटण आहे असं तुम्ही लिहिलंय. ते या साखळीत अजिबात घालू नका. वाचताना जुनं काम रद्द करणं बरोबर असतं. लिहिताना जुनं काम रद्द केलं तर पहिली नोंद सर्व्हरवर पोचली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. तिथे उलटा नियम: चालू असलेलं पूर्ण होऊ द्या आणि तोवर दुसरा क्लिक घेऊ नका. आधीचा जॉब ॲक्टिव्ह असेल तर तिथूनच परत फिरा, बटणही बंद दाखवा. हे काम व्ह्यूमॉडेलस्कोपमध्येही नको, स्क्रीन बंद केली की तो स्कोप रद्द होतो. शेतात उभं राहून नोंद केली आणि सिग्नल नाही, अशी वेळ येणारच असेल तर नोंद आधी रूममध्ये लिहा आणि पाठवण्याचं काम वर्कमॅनेजरला (अट पूर्ण झाली की काम चालवणारी अँड्रॉइडची सोय) नेटवर्कच्या अटीसह द्या. नोंदीचा युनिक आयडी फोनवरच, एकदाच तयार करा आणि प्रत्येक पुनर्प्रयत्नात तोच पाठवा. सर्व्हरने नोंद घेतली पण उत्तर वाटेत हरवलं, हे मंद नेटवर्कवर होत राहतं. आयडी तोच असेल तर सर्व्हरला दुसरी नोंद टाळता येते, नाहीतर एका बागेसाठी दोनदा मजूर आणि दोनदा गाडी पोचेल.

बदल केल्यावर हाताने चिपा दाबून तपासू नका, वेळेचा खेळ हाताने दरवेळी सारखा जमत नाही. रनटेस्टमध्ये आभासी वेळ असते, त्यात लिहा. खोट्या रिपॉझिटरीत (भाव आणून देणारा क्लास) रावेरला २४०० आणि चोपड्याला ६०० चा डिले द्या. मेन डिस्पॅचर सेटमेनने टेस्ट डिस्पॅचरवर न्या. बॅकग्राउंडस्कोपमध्ये स्टेट कलेक्ट करायला लावा. हे विसरलात तर व्हाइलसबस्क्राइब्ड सुरूच होणार नाही आणि टेस्टला कायम सुरुवातीची किंमत दिसेल. रावेर निवडा, ॲडव्हान्सटाइमबायने ९०० पुढे जा, चोपडा निवडा, आणखी ३००० पुढे जा, मग रनकरंट, कारण नेमक्या शेवटच्या क्षणाला ठेवलेलं काम ॲडव्हान्सटाइमबाय चालवत नाही. आता स्टेटमधला तालुका आणि भाव दोन्ही चोपड्याचे आहेत का ते ताडा. दुसऱ्या टेस्टमध्ये सगळे प्रयत्न आयओएक्सेप्शनने फेल करा, ‘जमलं नाही’ आल्याची खात्री करा, मग रिपॉझिटरी दुरुस्त करून फेरी वाढवा आणि भाव येतो का पाहा. या दोन्ही टेस्ट आधी तुमच्या आजच्या कोडवर चालवा, पहिली जुन्या लाँचच्या आवृत्तीवर आणि दुसरी आत्ताच्या फ्लोच्या. दोन्ही पडल्या पाहिजेत. पडल्या नाहीत तर टेस्टच चुकली आहे, आधी ती सुधारा.